भागिले दोन

रात्री मगर दिसत नाही, डोळे दिसतात.
विजेरीच्या उजेडात, पाण्याला लागून,
कुणी विडी विझवायची विसरल्यासारखे.
ते मोजायचे, वहीत लिहायचे
आणि सकाळी विभागात येऊन दोनाने भागायचे.
एवढंच शास्त्र आहे, शाबाकाका,
असं उर्वी अडपईकर म्हणाली.
एम.एस्सी. भाग दोन, पायात भावाचे गमबूट.

मी सव्वीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.
फॉर्मलिनमधली मण्यार पांढरी पडते,
बेडूक तर बेडकालाही ओळखू येणार नाही.
चिठ्ठी गळून पडली की आत नुसतं कुणीतरी उरतं.
जिवंत जनावर दाखवायला
मला कुणी नेलं नव्हतं इतक्या वर्षांत.
मिनेझिस बाईंनी विचारलं, विजेरी धराल का,
पोरांचे हात हलतात, तुमचा हलत नाही.
डासाची अळी चिमट्यात न चिरडता उचलणारा हात,
तो कसा हलेल.

कुंभारजुवेचा कालवा. ओहोटी.
कायतानने इंजिन बंद केलं, वल्हं आडवं धरलं.
चिखलाचा वास, आणि दूर कुठल्यातरी चर्चच्या फेस्ताची गाणी,
अर्धी पाण्यावरून येणारी, अर्धी वाटेतच बुडणारी.
कॅमेऱ्याच्या पडद्याचा निळा उजेड उर्वीच्या हनुवटीवर.
सहा. आठ.
वळणापाशी चौदा.
एक जोडी अगदी जवळजवळ, यंदाचं पिल्लू.
फ्लॅश नको, बाई कुजबुजल्या,
त्याचा अंधार त्याला राहू दे.

पहाटे जेटीवर बेरीज केली.
सदतीस.

पुन्हा केली. फोटो एकेक करून मोठे केले,
काजवा वगळला, बाटलीचं बूच वगळलं,
तरी सदतीस.
बाई म्हणाल्या, एखादी कुशीवर वळलेली असेल,
शेवटचा रकाना आहे ना, 'शेरा', तिथे लिही.
कायतान म्हणाला, डोळा गेला असेल एकीचा,
बार्जींचे पंखे काय कमी फिरलेत इथून.
मला तिसरंच काहीतरी वाटलं.
मी बोललो नाही.
शिपायाच्या वाटण्याला रकाना नसतो.

पौषातल्या अवसेला उर्वीने गावी बोलावलं.
बांधावर खाजनाची काळी माती तुडवून
माणसं मगर थापत होती. माणगें म्हणतात तिला.
शेपटी मानशीच्या दाराकडे,
पाठीवर तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे खवले, दात काड्यांचे.
बांध राख, खारं पाणी शेतात सोडू नकोस,
हे कुणी मोठ्याने म्हणालं नाही.
उर्वीने फोटोसाठी गुडघे टेकले
आणि सवयीने खिशातली पट्टी काढून शेजारी ठेवली,
पंधरा सेंटीमीटर, काळी-पांढरी.
तिच्या आईने ती उचलली, पुसली, परत दिली,
त्या जागी आपला हात टेकवला,
मनगटापर्यंत चिखल.

डोळ्यांसाठी दोन शिंपले ठेवले होते.
एक बसवला. दुसरा म्हाताऱ्याच्या बोटांतून निसटून
बांधाखाली गेला, भरतीच्या पाण्यात.
असूं, म्हातारा म्हणाला,
आणि रिकाम्या जागी अंगठ्याने खळगा केला.
उर्वीने माझ्याकडे पाहिलं.
मी चपलेचा चिखल काढत राहिलो.

प्रबंधात छापलंय : मगरी, किमान एकोणीस.
'शेरा'चा रकाना कोरा आहे.
हाताचा फोटो जिन्यात लावलाय,
पहिल्या वर्षाची पोरं जाताना त्याच्यावर आपला हात ठेवून बघतात,
काचेवर डाग पडतात, ते मीच पुसतो.

हल्ली संध्याकाळी बाटल्यांच्या खोलीला कुलूप लावताना
मी दिवा आधी मालवतो
आणि विजेरी फिरवतो एकदा, फडताळावरून.
काही चमकत नाही.
फॉर्मलिनमध्ये डोळे सगळ्यात आधी जातात.